अभ्यासिकेतलं चौदा नंबरचं टेबल

ठाकुर्लीला आमच्या वसाहतीत विहाराच्या वरच्या मजल्यावर एक अभ्यासिका आहे. बावीस टेबलं, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी प्लायवूडच्या फळ्या, शेजारच्याच्या वहीत डोकावता येऊ नये म्हणून. फळ्यांवर ऑइलपेंटने आकडे टाकलेले. सकाळी साडेपाचला कुलूप निघतं आणि सहाच्या आत अठरा-वीस जागा भरतात. तलाठी, पोलीस भरती, राज्यसेवा, बँक, स्टाफ नर्स, असल्या परीक्षांना बसणारी पोरं-पोरी, सगळी विशी-पंचविशीतली. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते.

दाराशी लहानसं टेबल टाकून काका बसायचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. अभ्यासिका सांभाळायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलेलं. कोण कुठे बसणार, कुणी गप्पा मारल्या, कुणाचा मोबाइल वाजला, सगळा हिशेब त्यांच्या रजिस्टरात.

"काका, जागा हवी होती," मी म्हटलं.

"मुलगी कितवीला आहे?"

"आठवीला. पण जागा माझ्यासाठी हवीये."

काकांनी चष्मा वर सरकवला. "कुठली परीक्षा?"

"सॉफ्टवेअर डेव्हलपरची. प्रोफेशनल सर्टिफिकेशन असतं त्याचं."

"ती झाली की सरकारी लागते?"

"नाही हो. नोकरी आहे मला. ठाण्याला, माजिवड्याला."

"नोकरी आहे, मग परीक्षा कशाला देताय?"

मी म्हटलं, कंपनीने सांगितलंय. ते अर्धंच खरं होतं.

पूर्ण खरं असं, की मी सोळा वर्षं टेस्टर होते. डेव्हलपर लोक सॉफ्टवेअर लिहितात आणि टेस्टर ते वापरून बघतो. माणसं जसं वापरतील तसं, आणि वापरू नये तसंही. वयाच्या रकान्यात उणे सात टाकायचे, नावाच्या जागी नुसते टिंब द्यायचे, एकच बटण दहा वेळा दाबायचं. कुठे मोडतंय ते शोधून लिहून द्यायचं. मी त्यात चांगली होते. डिप्लोमा करून लागले तेव्हा मला सांगण्यात आलं होतं, "सहा महिने टेस्टिंग कर, मग डेव्हलपमेंटला घेऊ." त्या सहा महिन्यांची सोळा वर्षं झाली. मध्ये लग्न, मुलगी, तिचं आजारपण, कंपनीचे दोन मालक बदलले, आणि मीही विचारायचं सोडून दिलं.

मग एके दिवशी आमच्या मॅनेजरने मला बोलावून सांगितलं, की हाताने करायचं टेस्टिंग आता कमी कमी होत जाणार. "तू डेव्हलपरचं सर्टिफिकेशन कर. पास झालीस तर मी तुला डेव्हलपमेंटला टाकतो. नक्की." मॅनेजर वयाने माझ्यापेक्षा लहान, पण शब्दाचा पक्का. जागेवर परत येऊन मी स्क्रीनकडे बघत बसले. भीती वाटली हे खरं. पण त्या भीतीच्या बरोबरीने दुसरंही काहीतरी वाटत होतं. मला कधीपासून लिहायचंच होतं. दुसऱ्याच्या लिहिलेल्यातल्या चुका काढून मी कंटाळले होते असं नाही, पण स्वतःच्या चुका करायची संधी मला कुणी दिलीच नव्हती.

हे सगळं काकांना कुठे सांगत बसणार? त्यांनीही जास्त खोदलं नाही. रजिस्टर उलटलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "चौदा नंबर घ्या. खिडकीजवळ आहे. पण खिडकीतून बघायचं नाही."

घरात अभ्यास होण्यासारखा नव्हता. दोन खोल्या, आम्ही चौघं. नवरा पाणीपुरवठ्यात फिटर, शीळफाट्याच्या बाजूला पंपावर ड्युटी, ती कधी सकाळची कधी दुपारची. सकाळचे डबे, मुलीची शाळा, हे सगळं माझ्याकडे होतं. सासूबाईंना मी भीत भीतच सांगितलं, की तीन-चार महिने मला सकाळी बाहेर जावं लागेल. त्या डोंबिवलीच्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या, सत्तावीस वर्षं. नगरकडचं माहेर, बोलणं अजून तिकडचंच.

"किती वाजता जायाचं?"

"साडेपाचला. आठला परत येईन."

"मग जा की. भाकऱ्या मी टाकते. मी काय आता पॅकिंगला जातेय व्हय?" आणि थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, "पास होशील ना पण?"

"माहीत नाही आई."

"बरं. डोक्याला तेल लावत जा."

पुस्तक उशीसारखं जाड होतं. परीक्षेची रीत अशी, की पंधरा-वीस ओळींचा कोड देतात आणि विचारतात, हा चालवला तर काय छापून येईल? खाली पाच पर्याय. त्यात एक पर्याय नेहमी असा, की हा कोड चालणारच नाही. आता माझी अडचण बघा. सोळा वर्षं मी जे काही शिकले ते चालवून बघून शिकले. शंका आली की बटण दाबायचं, काय होतं ते बघायचं. इथे बटणच नाही. एकेक ओळ डोक्यात चालवायची, कुठल्या नावात आत्ता कोणता आकडा आहे ते लक्षात ठेवायचं, आणि एखाद्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिलाय तेही दिसायला हवं. पहिले पंधरा दिवस मी सहा प्रश्न सोडवले की माझं डोकं भणभणायचं आणि मी खिडकीतून बाहेर बघायचे. बाहेर समोरच्या गच्चीवर कुणीतरी कुरडया वाळत घातलेल्या असायच्या. मागून काकांचं खाकरणं ऐकू यायचं.

तेरा नंबरला एक मुलगी बसायची. चोवीस वर्षांची, राज्यसेवेची तयारी करणारी, कल्याणहून सायकलवर यायची. बोलायची मुभा फक्त साडेसातच्या चहाला, खाली विहाराच्या पायऱ्यांवर. दोन आठवडे माझी घालमेल बघून एकदा तिनेच विषय काढला.

"ताई, तुम्ही चुकलेले प्रश्न कुठे लिहिता?"

"कुठेच नाही. उत्तर बघते, कळलं की पुढे."

"मग परत तीच चूक होते की नाही?"

"होते."

"चुकांची वही करा. प्रश्न लिहायचा नाय. आपण काय समजलेलो आणि खरं काय होतं, एवढंच लिहायचं. माझ्या चार भरल्यात."

मला हसू आलं. दुसऱ्यांच्या चुकांच्या मी सोळा वर्षं याद्या केलेल्या. कधी, कुठे, काय केल्यावर काय झालं, अगदी नीट. स्वतःच्या चुकांची यादी करायचं मला सुचलं नव्हतं. त्याच संध्याकाळी येताना शंभर पानी वही आणली.

चार महिने गेले. मला वाटलं, तयारी झाली. परीक्षेची तारीख घेतली. सेंटर ठाण्यातच होतं, माजिवड्याच्या पुढे एका व्यापारी इमारतीत चौथ्या मजल्यावर. ऑफिसच्या वाटेवरचंच, पण त्या दिवशी मी रजा टाकली आणि दीड तास आधी पोचले. आत एका बाईने घड्याळ, पर्स, कानातले, रुमालसुद्धा काढून लॉकरमध्ये ठेवायला लावलं. खिसे उलटे करून दाखवायला सांगितले. माझ्या कुर्त्याला खिसेच नव्हते, ते मला चारदा सांगावं लागलं. मग एका काचेच्या खोलीत, समोर स्क्रीन, वर कॅमेरा.

पहिले वीस प्रश्न बरे गेले. मग एका प्रकारचे प्रश्न लागोपाठ आले. त्याला आमच्या भाषेत थ्रेड म्हणतात. सोप्यात सांगायचं तर एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी अनेक कामं चालू असतात, जसे एका स्वयंपाकघरात चारजण शिरलेले. आणि कोण कधी मिठाच्या डब्याला हात घालेल याचा नेम नाही. तो धडा मी वाचला होता, पाठ केला होता, पण पाठच केला होता. एकावर सहा मिनिटं घालवली, दुसऱ्यावर आठ. शेवटचे अकरा प्रश्न मी वाचलेसुद्धा नाहीत, नुसत्या खुणा करत गेले.

निकाल लगेच लागतो. स्क्रीनवर एक वर्तुळ फिरतं आणि मग शब्द येतो. माझा शब्द होता: अनुत्तीर्ण. पास व्हायला लागतात त्यापेक्षा चार उत्तरं कमी.

खाली आले. उड्डाणपुलाखाली बस स्टॉपवर उभी राहिले. तीन बसेस सोडल्या. रडू वगैरे आलं नाही, पण भूक खूप लागली होती याचा फार राग आला. शेवटी समोरच्या गाडीवर जाऊन इडल्या खाल्ल्या आणि घरी गेले.

सासूबाई दारातच होत्या. माझं तोंड बघून कळलंच असेल.

"किती कमी पडले?"

"चार."

"चारच ना? हितनं तिथवर." त्यांनी हाताने स्वयंपाकघर ते बाहेरची खोली एवढं अंतर दाखवलं. "परत फॉर्म भर."

"बघू."

"बघू काय? मी भाकऱ्या बंद करत न्हाई. उद्या बी टाकणारे."

पण दुसऱ्या दिवशी मी अभ्यासिकेत गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सकाळी साडेपाचला जाग यायची आणि मी पडून राहायचे. त्या पोरांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. ऑफिसात मॅनेजर म्हणाला, काही हरकत नाही, परत दे. ते चांगुलपणाने म्हणाला, पण मला ते टोचलंच.

आठव्या दिवशी रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. तेरा नंबरची मुलगी. सायकल खाली लावून दोन मजले चढून आलेली, कपाळावर घाम.

"ताई, आजारी आहात का?"

"नाही गं. नापास झाले."

"अच्छा, एवढंच?" ती आत येऊन खुर्चीवर बसली. "मला वाटलं घरात कुणी गेलं की काय. माझी पूर्वपरीक्षा दोनदा गेलीये. एकदा तीन मार्कांनी, एकदा एकाने. एका मार्काने गेली तेव्हा मी मावशीकडे पळून गेलेले, पंधरा दिवस. आल्यावर काका काही बोलले नाहीत, फक्त रजिस्टर पुढे केलं. आता तुम्ही खऱ्या आमच्यातल्या झालात."

सासूबाईंनी तिला चहा दिला. कप परत देताना ती म्हणाली, "चौदा नंबर काकांनी कुणाला दिला नाहीये. परवा एकजण बसलेला, त्याला उठवलं."

सोमवारी मी गेले. काकांनी रजिस्टर पुढे केलं, मी सही केली. साडेसातला चहाच्या वेळी मात्र त्यांनी मला थांबवलं.

"कशात गेलं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. एकाच वेळी चालणारी कामं, एकमेकांच्या मध्ये येतात, वगैरे. काका ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की मी त्यांना जे सांगतेय ते मलाच नीट उमगलेलं नाही.

त्याच सुमाराला अभ्यासिकेत जागांवरून कटकटी सुरू झाल्या होत्या. टेबलं बावीस आणि नाव घालणारे पस्तीस. रोज सकाळी दारात वादावादी. मी काकांना म्हटलं, "मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून देऊ का? आदल्या दिवशी संध्याकाळी सातला मोबाइलवर उघडेल. ज्याला जी जागा हवी तिच्यावर बोट ठेवायचं. पहिला येईल त्याची जागा पक्की." काकांना रजिस्टर सोडवत नव्हतं, पण वादावादीलाही ते वैतागले होते. म्हणाले, "चालव महिनाभर. रजिस्टर मी ठेवणारच."

दोन आठवडे खपून मी तो लिहिला. माझ्या आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम, जो कुणीतरी खरोखर वापरणार होतं. बावीस चौकोन, रिकामा हिरवा, भरलेला लाल. मी तो सगळ्या बाजूंनी तपासला, उणे सातसुद्धा टाकून बघितलं. सोमवारी सुरू केला. सहा दिवस सुरळीत. पोरं खूश, काका दारात निवांत पेपर वाचत बसलेले. मी मनातल्या मनात जरा फुगलेच.

रविवारी सकाळी नऊ नंबरच्या टेबलापाशी दोन मुलगे उभे होते. पोलीस भरतीवाला एक आणि बँकवाला एक, दोघांच्या हातात मोबाइल.

"ही बघ, माझी जागा पक्की लिहिलंय."

"माझ्याकडे पण तेच लिहिलंय. तू उठ."

"तू काय बोलतोस? मी सातला बुक केलंय, ठीक सातला."

"मी पण!"

दोघांचं खरं होतं. दोघांच्याही मोबाइलवर हिरव्या अक्षरांत तोच मजकूर, जागा क्रमांक नऊ पक्की. काकांनी एकाला स्वतःच्या टेबलावर बसवलं आणि माझ्याकडे बघितलं. मला जमिनीने गिळावं असं झालं. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये हे सापडलं असतं तर मी ठळक लाल शेरा मारला असता.

दिवसभर मी तो प्रकार परत घडवून आणायला बघत होते. माझ्या मोबाइलवरून, मुलीच्या मोबाइलवरून. एकदाही घडला नाही. संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर काका पायऱ्यांवर बसले होते, मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"सापडलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. प्रोग्रॅम आधी बघतो जागा रिकामी आहे का, आणि असली तरच नाव लिहितो. मग दोघांना कशी दिली?"

काका पायरीवर जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "बघणं आणि लिहिणं, यांच्यामध्ये वेळ किती जातो?"

"काहीच नाही. डोळ्याची पापणी लवायच्या आत."

"पण जातो."

"हो, जातो."

"मग त्या वेळात दुसऱ्याने बघितलं तर त्यालाही रिकामीच दिसणार." त्यांनी पायरीवर बोटाने एक रेघ ओढली. "मी नवीन लागलो तेव्हा दौंडच्या पुढे ड्युटी होती. एकेरी लाइन. एकच रूळ, त्यावरून इकडची गाडी तिकडे आणि तिकडची इकडे. समज, दोन्ही स्टेशनमास्तरांनी खिडकीतून बघितलं, लाइन रिकामी दिसली, आणि दोघांनी गाडी सोडली. काय होईल?"

"टक्कर."

"म्हणून बघण्यावर सोडायचंच नाही. गोळा असायचा. लोखंडाचा, एवढा." त्यांनी मूठ दाखवली. "दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र, ती यंत्रं तारेने एकमेकांना जोडलेली. एका वेळी दोन्ही मिळून एकच गोळा बाहेर निघणार. दुसरा काढायला गेलं तर निघतच नाही. तो चामड्याच्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. लाइन रिकामी दिसूदे नाहीतर काही दिसूदे, हातात गोळा नसेल तर ड्रायव्हर गाडी हलवणार नाही. पलीकडे पोचला, गोळा यंत्रात परत टाकला, की मग पुढचा."

मी तिथेच पायरीवर बसल्या बसल्या तो धडा परत वाचल्यासारखा डोळ्यांसमोर आणला. पुस्तकात त्याला कुलूप म्हटलं होतं. कुलूप म्हटल्यावर मला दार दिसायचं, किल्ली दिसायची, आणि गोंधळ व्हायचा. हातातला गोळा मात्र लगेच कळला. बघायच्या आधी गोळा घ्यायचा. बघायचं, लिहायचं, आणि मगच गोळा सोडायचा. चार ओळींचा फरक होता.

"आणि एक सांग," काका उठता उठता म्हणाले, "ड्रायव्हर गोळा खिशात घालून घरी जेवायला गेला तर?"

"तर सगळे खोळंबतील."

"तेही बघ."

पुढच्या रविवारी दुपारी मी परीक्षा घेतली. माझी नव्हे, प्रोग्रॅमची. बाराजणांना विहाराच्या हॉलमध्ये गोल बसवलं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, सगळ्यांनी नऊ नंबरवर बोट धरून ठेवायचं. तेरा नंबरची मुलगी मोजत होती. "एक, दोन, तीन, दाबा!" बारा बोटं खाली. एकाला जागा मिळाली, अकराजणांना 'जागा भरली'. परत केलं. परत एकालाच. दहा वेळा केलं. दरवेळी ज्याला मिळेल तो "आपलीच आहे रे!" म्हणून ओरडायचा. नऊ नंबरसाठी भांडलेले ते दोघं मांडीला मांडी लावून बसले होते, आणि त्या दोघांना एकदाही मिळाली नाही. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. काका दारात उभे राहून, अभ्यासिकेत गप्पा चालत नाहीत हा नियम हॉलला लागू आहे की नाही याचा विचार करत असावेत.

काकांची शंकाही खरी ठरली. पुढच्याच आठवड्यात एका मुलीचं नेट बुकिंगच्या मधेच गेलं आणि माझ्या प्रोग्रॅमचा गोळा तिच्याबरोबर अडकला. एक संध्याकाळ कुणालाच जागा घेता येईना. सकाळी सगळे रजिस्टरवर. काका सह्या घेताना इतके प्रसन्न दिसत होते की मला रागही धरता येईना. मी तेही दुरुस्त केलं: ठरावीक वेळात गोळा परत आला नाही, तर तो काढून घ्यायचा. चुकांच्या वहीत दोन पानं भरली.

दुसऱ्यांदा परीक्षेला बसले तेव्हा मधे आणखी तीन महिने गेले होते. तेच सेंटर, तीच बाई. या वेळी मी खिसे असलेला कुर्ता घालून गेले आणि तिने न विचारताच उलटे करून दाखवले. ती पहिल्यांदाच हसली.

मला वाटलं होतं, गोळ्याचेच प्रश्न येतील आणि मी धडाधड सोडवीन. तसं काही झालं नाही. त्या प्रकारचे मोजून दोन आले, तेही सोपे. बाकी सगळं इकडचं तिकडचं. पण मी घाबरत नव्हते. प्रश्न वाचला की आधी मनात यायचं, हे लिहिणाऱ्याला कुठे फसवायचंय? सोळा वर्षं मी तेच तर करत आले होते. लिहिणाऱ्याच्या मनातली फट शोधायची. गेल्या वेळी मी विद्यार्थ्यासारखी बसले होते, हात जोडून. या वेळी टेस्टरसारखी बसले. अकरा मिनिटं शिल्लक राहिली. त्यात खुणा केलेले प्रश्न परत बघितले, एक उत्तर बदललं, मग परत होतं तेच केलं.

वर्तुळ फिरलं. उत्तीर्ण.

लॉकरमधून फोन काढून घरी लावला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"आई, पास झाले."

"झालीस? बरं झालं बाई." मग जरा थांबून, "आता परत तर द्यायची न्हाई ना?"

"नाही."

"मग उद्या सकाळी उशिरा उठू दे मला."

नवऱ्याने फोन उचलला नाही. तो पंपावर होता, तिथे आवाज फार. त्याने संध्याकाळी येताना पाव किलो काजूकतली आणली आणि मुलीने पास झाल्याचा कागद छापून आणून फ्रिजवर लावला. फ्रिजवर तिचं आठवीचं वेळापत्रक होतं, ते तिने खाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने साडेपाचला जाग आली, म्हणून अभ्यासिकेत गेले. तिथे दाराशेजारी एक फळा आहे. त्यावर काका खडूने नावं लिहितात. कोण कुठे लागलं, कुठली परीक्षा पास झालं. अक्षर सुंदर, सरकारी रेल्वेचं. काकांनी माझं नाव लिहिलं आणि खडू हवेत धरून थांबले.

"हुद्दा काय लिहू?"

"अजून टेस्टरच आहे काका. पुढच्या महिन्यात बदली होईल."

"फळ्यावर टेस्टर लिहिलं तर पोरं म्हणतील, पास होऊन काय मिळवलं?" त्यांनी विचार केला आणि लिहिलं: सॉफ्टवेअर डेव्हलपर (व्यावसायिक). मग मागे सरकून बघितलं आणि वेलांटी नीट केली. माझ्या वरती नर्सिंगची एक मुलगी होती आणि खाली पोलीस भरतीवाला, नऊ नंबरसाठी भांडलेल्या दोघांतला. तेरा नंबरच्या मुलीने पूर्व पास केली होती, मुख्य बाकी होती. ती फळ्यापाशी येऊन उभी राहिली, माझं नाव वाचलं आणि म्हणाली, "ताई, आता चहा तुमचा." मी सगळ्यांना चहा पाजला. चौदा नंबर त्याच आठवड्यात एका नवीन मुलाला गेला.

मॅनेजरने शब्द पाळला. महिन्याभरात मी डेव्हलपमेंटच्या टीममध्ये गेले. माझं लिहिलेलं तपासायला एक पंचवीस वर्षांचा पोरगा होता. मी पहिला बदल लिहून दिला आणि त्याने त्यावर सतरा शेरे मारून परत पाठवला. मग स्वतः उठून माझ्या जागेपाशी आला. "मॅडम, राग नका मानू हां. नवीन सगळ्यांचं असंच असतं."

"राग कसला? मी सोळा वर्षं हेच करत होते लोकांना."

सतरातले पंधरा शेरे बरोबर होते. दोनावर मी त्याच्याशी वाद घातला, त्यातला एक जिंकले.

तिसऱ्या दिवशी माझा बदल खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि आमच्या कामात कुणाच्या लक्षात न येणं हीच शाबासकी असते. मी वेळेवर निघाले. घरी आले तेव्हा सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी हातपाय धुऊन त्यांच्यासमोर बसले आणि अर्धी जुडी माझ्याकडे ओढली.

"मग, काय केलंस आज नव्या कामात?"

"एका फॉर्ममध्ये जन्मतारखेचा रकाना होता. लोक तारीख आणि महिना उलटा टाकायचे. तो नीट केला."

"एवढंच?"

"एवढंच."

"दिवसभर?"

"दिवसभर कुठे? तीन दिवस लागले."

त्यांनी हातातली काडी थांबवून माझ्याकडे बघितलं, आणि मग दोघीही हसत सुटलो. मुलगी आतून विचारत आली, काय झालं, काय झालं. सासूबाईंना सांगताही येईना. मेथीची पानं त्यांच्या मांडीवरून खाली सांडत होती आणि त्या डोळे पुसत होत्या. शेवटी तिला एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आईनं आज तारीख दुरुस्त केली बघ."